गोचीडतापाची सुई टोचण्याआधी

जूनचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की माझा फोन पहाटेच वाजायला लागतो. अमळनेर-पारोळ्याकडचा एखादा शेतकरी असतो आणि बोलणं अहिराणीत सुरू होतं: "डॉक्टरसाहेब, गाय लाल मुतस, आनी चाराबी खात नही." मी ताप किती आहे ते विचारतो. बहुतेक वेळा ताप मोजलेलाच नसतो. पण सुई मात्र कुणीतरी टोचून गेलेलं असतं. "कसली?" म्हटलं तर उत्तर येतं, "पिवळी व्हती."

हा लेख नव्याने गुरं पाळणाऱ्यांसाठी आहे. दोन-चार संकरित गाई घेऊन दूध घालायला लागलेली तरुण मुलं, बाजारातून पहिली म्हैस आणलेली कुटुंबं आणि घरात कुत्रं असलेली माणसंही यात आली. रक्तातल्या परजीवींवर चांगली इंजेक्शनं आहेत आणि वेळेवर दिली तर जनावर उभं राहतं. पण एका परजीवीचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून थर्मामीटर आणि रक्ताची काच (तपासणीसाठी काचेच्या पट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) ही दोन कामं सुईच्या आधी व्हायला हवीत. ती तुम्हाला घरी करता येतात. इंजेक्शन मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं तेच सांगणं आहे, आणि खाली दिलेले आकडे वाचलेत की त्यामागचं कारणही कळेल. मात्रा मी एवढ्यासाठी लिहितो की आपल्या गाईला काय आणि किती दिलं जातंय हे तुम्हाला समजावं आणि नीट प्रश्न विचारता यावा.

कोणता आजार, कशावरून

आपल्याकडे मुख्य आजार चार. पहिला थायलेरिया, म्हणजे ज्याला आपण सर्रास गोचीडताप म्हणतो तो. पायांवर पट्टे असलेली, भिंतीच्या भेगांत राहणारी हायलोमा गोचीड तो पसरवते. ताप 104 ते 107 फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी पेरूएवढी फुगते. दूध एकदम अर्ध्यावर येतं, पुढे डोळे पांढरे पडतात, धाप लागते. होल्स्टिन आणि जर्सी संकरित गाईंना हा फार जड जातो. आपला खिल्लारी बैल त्याच गोठ्यात बऱ्याचदा निभावून नेतो.

दुसरा बबेसिया. यात तांबड्या पेशी रक्तातच फुटतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी होते. तिसरा ॲनाप्लाज्मा. यात रक्त कमी होतं, कावीळ दिसते, शेण कडक पडतं, पण लघवी लाल होत नाही. चौथा सर्रा. हा गोचिडीने होत नाही, मोठ्या चावऱ्या घोडमाशीमुळे होतो. ताप येतो-जातो, जनावर खात असूनही वाळत जातं. म्हशी-बैलांत कधी अचानक गोल फिरणं, दात खाणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं अशी लक्षणं दिसतात. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला डेरा इस्माइल खानच्या भागात घोड्या-उंटांच्या रक्तात हा वळवळणारा परजीवी दिसला, म्हणून त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणणाऱ्यांनी हा आजार ध्यानात ठेवावा. घोडा रोडावत चाललाय आणि पोटाखाली, पायांवर सूज आहे, तर आधी रक्त तपासून घ्या.

पहिलं काम: ताप मोजा

थर्मामीटर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. त्याला दोरा बांधून टोकाला चिमटा लावा आणि चिमटा शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे तो आत ओढला जात नाही, पडून फुटत नाही. गुदद्वारात तिरका, आतल्या भिंतीला टेकेल असा दोन मिनिटं धरा. गाईचा नेहमीचा ताप 101 ते 102.5 असतो.

आपल्या भागात एक गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीनला निरोगी संकरित गाय मोजली तरी पारा वर चढलेला दिसतो. तो उन्हाचा ताप, आजाराचा नाही. म्हणून पहाटे, सूर्य वर यायच्या आत मोजा आणि वहीत लिहा. पहाटे पाचला 105 असेल तर उन्हाला दोष देता येत नाही.

हाच थर्मामीटर आणखी एक मोठी चूक टाळतो. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीची लघवी कॉफीसारखी झाली आणि ताप मात्र नसला, तर ते बऱ्याचदा बबेसिया नसतं. शरीरातलं फॉस्फरस कमी झाल्यामुळेही तांबड्या पेशी फुटतात, आणि तिथे शिरेतून फॉस्फरसचं औषध द्यावं लागतं. अशा म्हशींना आधी दोन-दोन वेळा पिवळी सुई, म्हणजे बबेसियावरचं डायमिनाझिन, टोचलेली मी पाहिली आहे. तीन दिवस वाया जातात, आणि त्या तीन दिवसांत रक्त निघून जातं.

दुसरं काम: हात फिरवा, डोळ्यांनी बघा

खालची पापणी ओढून बघा. आतला रंग गुलाबी हवा. पांढराफटक असेल तर रक्त कमी आहे, पिवळट असेल तर कावीळ. मग मान जिथे खांद्याला मिळते तिथे दोन्ही बाजूंना हात फिरवून गाठ चाचपा. निरोगी गाईवर आजच हात फिरवून ठेवा, म्हणजे फुगलेली गाठ हाताला लगेच कळेल. लघवी पांढऱ्या कपात धरा. मातीवर पडलेल्या लघवीचा रंग सांगता येत नाही. शेवटी कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या मागे आणि बगलेत गोचीड शोधा.

तिसरं काम: रक्ताची काच

माझा सगळा भर यावर आहे, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरीकाठच्या एका गावात आठ दिवसांपूर्वी व्यालेली संकरित गाय तीन दिवस तापत होती. तोवर तापाच्या दोन सुया आणि कॅल्शियमची एक बाटली देऊन झाली होती. घरातल्या आजी गाईच्या तोंडाशी बसून तिच्या कपाळावर हात फिरवत होत्या. मी कानाच्या टोकाचे केस कात्रीने काढले, जागा स्पिरिटने पुसली, पूर्ण सुकू दिली आणि बारीक सुईने कडेची शीर टोचली. आलेला थेंब काचेच्या एका टोकाला घेतला. दुसरी काच त्या थेंबाला तिरकी टेकवली, थेंब तिच्या कडेने पसरू दिला आणि एका दमात पुढे सरकवली. नीट ओढलेली काच जिभेसारखी दिसते, थेंबाकडे जाड आणि टोकाला इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. त्या गाईचा थेंब इतका पातळ होता की काच फिकट गुलाबीच झाली. रक्त किती उरलंय हे तिथेच कळलं.

हे तुम्हालाही जमतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून काचा घ्या आणि एकदा समोर करून बघा. फार दाबून ओढू नका, मध्ये थांबू नका. काच हवेत हलवून वाळवा, उन्हात ठेवू नका. पेन्सिलीने जाड भागावर जनावराचा बिल्ला क्रमांक आणि तारीख लिहा. वाळली की लगेच कागदात गुंडाळा. गोठ्यात उघडी ठेवलेली काच माशा चाटतात आणि मुंग्या खरवडतात. मी पाच मिनिटांत साफ झालेली काच पाहिली आहे. आणि हे सगळं कोणतंही औषध टोचण्याआधी. सुई दिल्यावर घेतलेल्या काचेत परजीवी दिसले नाहीत, तर आजार नव्हता की औषधाने दडला हे सांगता येत नाही.

पुढचं काम दवाखान्याचं. काच मिथेनॉलमध्ये पक्की करतात, जिम्सा रंगात ठेवतात आणि तेल टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. थायलेरिया तांबड्या पेशीत अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो. बबेसियाचे दोन थेंब टोकाशी जुळलेले असतात. ॲनाप्लाज्मा पेशीच्या कडेला गडद ठिपक्यासारखा. सर्राचा परजीवी ताज्या, न रंगवलेल्या थेंबात पेशींना ढकलत पळताना दिसतो. बरी झालेली गाय पुढेही थोडे परजीवी बाळगून असते. त्यामुळे ताप नाही, गाठ नाही, दूध व्यवस्थित आहे आणि काचेत दोन-चार थायलेरिया दिसले, एवढ्यावरून महागडी सुई द्यायची नसते. काच आणि जनावर एकत्र वाचायचं असतं.

वजन आणि मात्रा

"मोठी गाय, एक बाटली" ही मात्रा नव्हे. शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि आलेल्या संख्येला 660 ने भागा, की अंदाजे किलो मिळतात. घेर 68 आणि लांबी 58 असलेली गाय साधारण 406 किलोची भरते.

थायलेरियावर ब्युपार्वाक्वोन, किलोला 2.5 मिलिग्रॅम. बाटली मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमची असते, म्हणजे 20 किलोला 1 मिली. 400 किलोच्या गाईला 20 मिली, मानेच्या स्नायूत खोल, आणि एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त नाही. गरज पडली तर 48 ते 72 तासांनी दुसरी मात्रा. हे औषध शिरेतून कधीही द्यायचं नाही.

बबेसियावर डायमिनाझिन, जिला लोक पिवळी सुई किंवा बेरेनिल म्हणतात. किलोला 3.5 मिलिग्रॅम, स्नायूत खोल. 7 टक्क्यांच्या द्रावणाचा हिशोब पुन्हा 20 किलोला 1 मिलीच येतो. दोन्हींचा हिशोब सारखा असला तरी औषधं वेगळी आहेत. थायलेरियाच्या गाईला पिवळी सुई टोचून उपयोग नाही, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बबेसियावर इमिडोकार्बही चालतं, गाईला किलोला 1.2 मिलिग्रॅम, कातडीखाली. तेही शिरेतून नाही.

ॲनाप्लाज्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. लांब टिकणारं असेल तर किलोला 20 मिलिग्रॅम, अनेक जागी वाटून. सर्रावर गाई-म्हशींना डायमिनाझिन किंवा क्विनापायरामिन देतात. घोड्याला डायमिनाझिन सोसत नाही, त्यामुळे तिथे क्विनापायरामिन कातडीखाली. टोचल्या जागी सूज येते, हे आधी सांगून ठेवलं की मालक घाबरत नाही.

सुई टोचताना

प्रत्येक जनावराला नवी सुई. ॲनाप्लाज्मा आणि सर्रा रक्त लागलेल्या सुईवरून दुसऱ्या जनावरात जातात. एका सुईने दहा गाई टोचणारा माणूस घोडमाशीचंच काम करतो. मोठ्या गाईला 18 नंबरची दीड इंची सुई लागते. मानेच्या मधल्या स्नायूत, खांद्याच्या पुढे आणि मानेच्या वरच्या कडेखाली जागा घ्यायची. सुई आत गेल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून बघायचं. रक्त आलं तर जागा बदलायची. दोन औषधं एका सिरिंजमध्ये मिसळायची नाहीत. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं गाईजवळ थांबायचं. थरथर, लाळ, धाप, अंगावर गांधी असं काही दिसलं तर पशुवैद्यकाच्या पेटीत त्यावरची औषधं असतात. फिरत्या माणसाकडून सुई घेऊ नका म्हणतो ते यामुळेच.

ताप उतरवायला मेलॉक्झिकॅम चालतं. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण ते टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली. माणसांसाठीची बाटली आणून गाईला टोचू नका.

आणखी एक. रक्त कमी झालेल्या, धाप लागलेल्या गाईला शिरेतून भराभर कॅल्शियम सोडणं जीवघेणं आहे. अशक्त झालेलं हृदय ते झेलू शकत नाही. नुकती व्यालेली गाय बसली की कॅल्शियम द्यायचं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आधी ताप मोजा, पापणी बघा.

पुढचे तीन दिवस

परजीवी मेला म्हणून रक्त लगेच परत येत नाही. गाईला चालवत दवाखान्यात नेऊ नका. 1962 हा टोल फ्री क्रमांक लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक दारात येतं. फोनवर पहाटेचा ताप, पापणीचा रंग, लघवीचा रंग, गाठ, कधी व्याली आणि आतापर्यंत काय टोचलं एवढं सांगा. गाय सावलीत, वाऱ्यात बांधा, पाणी समोर ठेवा, हिरवा चारा थोडा थोडा हाताने द्या. रोज दोनदा ताप लिहा. पापणी कागदासारखी पांढरी असेल तर पशुवैद्यक दुसऱ्या निरोगी गाईचं रक्त चढवायचं ठरवतो. त्या दात्या गाईचीही आधी काच बघतात.

बोरीकाठच्या त्या गाईला आम्ही रक्त चढवलं. काचेत थायलेरिया होता. ब्युपार्वाक्वोनची पहिली मात्रा त्याच रात्री दिली आणि दुसरी तिसऱ्या दिवशी. चौथ्या पहाटे 101.8 आलं. आजींनी फोन केला, पण तापाचा आकडा सांगितला नाही. "तिनी कडबा खादा" एवढंच म्हणाल्या.

दूध डेरीला घालण्याआधी बाटलीवरचं थांबायच्या दिवसांचं बंधन वाचा. ब्युपार्वाक्वोनला दुधासाठी किमान दोन दिवस आणि मांसासाठी 42 दिवस सांगितलेले असतात. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा काळ वेगळा. ते दूध घरच्या चहालाही नको.

कुत्र्याचं वेगळं आहे

गाईच्या सुईतून उरलेलं कुत्र्याला टोचणं, हे मी हात जोडून थांबवायला सांगतो. 10 किलोच्या कुत्र्याला 7 टक्क्यांचं डायमिनाझिन लागतं फक्त अर्धा मिली. एक मिली म्हणजे दुप्पट मात्रा, आणि त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन कुत्रं लटपटतं, झटके येतात, मरतं. कुत्र्याला इमिडोकार्ब दिलं तर किलोला 6.6 मिलिग्रॅमपर्यंत, चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा. आधी ॲट्रोपिन टोचतात, नाहीतर लाळ आणि उलटी फार होते. कुत्र्यातला एक लहान बबेसिया, गिब्सनाय, पिवळ्या सुईने पूर्ण जात नाही. त्याच्यावर ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन तोंडाने 10 दिवस देतात.

आणि कुत्र्याच्या गोचीडतापाचा दुसरा मोठा भाग म्हणजे एर्लिकिया. त्याला सुई लागतच नाही. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस, खाणं झाल्यावर. आठव्या दिवशी कुत्रं शेपटी हलवायला लागतं आणि लोक गोळ्या सोडतात. मग दोन-तीन महिन्यांनी नाकातून रक्त येतं. या आजारात प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे विनाकारण स्नायूत टोचलं तर आत रक्त साचतं. म्हणून कुत्र्याच्या काचेबरोबर प्लेटलेटची मोजणीही करून घ्या. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला देऊ नका. एक डोळा निळसर-पांढरा झाला असेल तर पशुवैद्यकाला सर्राची काच बघायला सांगा.

गोठा

गोचीड हाताने चिरडू नका. हायलोमा गोचिडीतून माणसाला काँगो ताप होऊ शकतो, आणि 2011 मध्ये तो शेजारच्या गुजरातमध्ये आढळला होता. हातमोजे घाला, चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका. रोज काढलेली गोचीड फायद्याची, कारण थायलेरिया गाईत सोडण्याआधी तिला दोन-तीन दिवस चिकटून राहावं लागतं.

अंगावर 12.5 टक्के ॲमिट्राझ लिटरला 2 मिली, पण घोड्याला ते मुळीच नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारणीआधी गाईला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती अंग चाटत नाही. आयव्हरमेक्टिन दुभत्या गाईला पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नको. दुधात ते बरेच दिवस उतरतं. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा आणि आल्या दिवशीच त्याची काच घ्या. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस मिळते. गाभण गाईला देण्याआधी विचारा.

पण अंगावर फवारून भेगा तशाच ठेवल्या तर काम अर्धंच झालं. एक मादी हजारो अंडी घालते, आणि घालते ती भिंतीत, गव्हाणीखाली, शेणाच्या ढिगाशेजारी. त्या आजींच्या मुलाने पोळ्याच्या आधीच्या रविवारी गोठा रिकामा केला, भेगांवरून फ्लेम गन फिरवली, सिमेंटने त्या बुजवल्या आणि भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत चुना मारला. जाळताना भिंतीतून तडतड आवाज येत होता, असं त्याने मला सांगितलं. उरलेला चुना शेजारच्या गोठ्यात गेला, कारण मधली भिंत दोघांची होती.